पायांचं काम हातांनी

“पायांचं काम हातांनी? मग उद्यापासून हातांवर चालत बाजारात जा!” मास्तरांनी पियानोवरचं नोटेशनचं पुस्तक फटकन मिटलं.

बाईंनी ते पुन्हा उघडलं.

मास्तर सभागृहाचे ऑर्गनवादक, बाई त्यांच्या पत्नी. भांडण युरोपातल्या जुन्या, बरोक काळातल्या एका रचनेवरून पेटलं होतं. मूळ रचना सभागृहात असतो तसल्या मोठ्या, नळ्यांच्या ऑर्गनची. दोन्ही हात वरच्या पट्ट्यांवर आणि दोन्ही पाय खालच्या. पुढे कितीतरी वर्षांनी दुसऱ्याच एका संगीतकाराने ती पियानोसाठी उतरवली आणि पायांचे खर्जाचे सूर बिचाऱ्या डाव्या हाताच्या गळ्यात मारले. मास्तर शिकवण्यांना बाहेर पडले की बाई ती बसवत. आज मास्तर लवकर परतले होते.

“हत्तीला सायकलवर बसवलंय त्या गृहस्थानं.”

“हत्तीची तक्रार नाही. तुम्ही का सोंड आपटताय?”

मास्तरांची बहीण पाहुणी म्हणून आली होती. तिला असे प्रसंग चुकवणं जमत नसे. “वहिनी, एका घरात एक वादक पुरे झाला की.”

“एकच आहे असं लोकांना वाटतं ना वन्सं, तेवढं पुरे.”

“वाटतं काय? आहेच!” मास्तर उसळले. “मी एकटा माणूस अख्खं सभागृह हलवतो. एकटा! आणि तुझे दंड बघ. पैलवानाचे. हे पियानोवर शोभणार?”

“शोभायला नाही, वाजवायला बसणार आहे. तेही लोकांसमोर.”

ही गोष्ट सभागृहाच्या सेक्रेटरींच्या कानावर गेली. रिकाम्या खुर्च्यांना कंटाळलेला माणूस तो. त्याने दोघांनाही एकाच कार्यक्रमात बसवलं. रचना तीच, आधी पियानो, मग ऑर्गन. निवाडा टाळ्यांचा.

“हरलीस तर या घरात पियानोचं झाकण पुन्हा उघडायचं नाही,” मास्तर म्हणाले.

“आणि जिंकले तर?”

मास्तरांना हसू आवरेना. “तर काय, पुढच्या कार्यक्रमात माझ्या जागी तू!”

“वन्सं, ऐकलंत ना?”

वन्संनी ऐकलं होतं. त्यांनी ते गावभर केलं.

कार्यक्रमाला सभागृह तुडुंब भरलं. बाई पियानोवर बसल्या. सुरुवातीला डावा हात अडखळला, तसे मास्तर पडद्याआडून सुखावले. मग तोच हात खर्जात असा उतरला की पियानोचे पाय जमिनीत रुततात की काय वाटलं. एकच धून चार आवाजांत स्वतःच्याच मागे धावू लागली. कोणी खोकायलाही तयार नव्हतं. शेवटी टाळ्या पडल्या त्या भरपूर, आणि त्यांत वन्संच्याही होत्या.

पडद्याआड मास्तर ऑर्गनचे पातळ तळव्यांचे बूट चढवत होते.

“बरं वाजवलंस. घरगुती. आता खरं ऐक.”

“ऐकते की. जन्मभर मागूनच ऐकलं तुमचं. आज समोर बसून ऐकते.”

“बस, बस. पहिल्याच रांगेत बस. काहीतरी शिकशील.”

मास्तर ऑर्गनपाशी आले. लोकांकडे एक नजर टाकून त्यांनी बाह्या सरसावल्या, खटके ओढले, क्षणभर डोळे मिटले. मग दहाही बोटं आणि दोन्ही पाय एकदम पट्ट्यांवर उतरले.

आवाज आला तो फक्त लाकडाच्या खटखटीचा.

मास्तरांनी पुन्हा जोर लावला. पुन्हा खटखट. मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. मास्तरांची मान हळूहळू ऑर्गनच्या मागच्या खोलीकडे वळली. तिथे भात्याचा दांडा जागच्या जागी उभा होता. आणि इतकी वर्षं तो ओढून ऑर्गनमध्ये हवा भरणारी बाई पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून, काहीतरी शिकण्याची वाट पाहत होती.