दर्शनी भिंतीचे वय

मंगळवार, ४ मार्च. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. वारसा समितीच्या कचेरीत, तिसऱ्या खिडकीवर, त्यांचा सातवा अर्ज परत आला.

"भिंत, काका," खिडकीपलीकडची कारकून बाई म्हणाली. "तुमची दर्शनी भिंत शंभर वर्षांची आहे. तिच्यामुळे घर यादीत आहे. पाडून नवीन बांधता येणार नाही. सहा वेळा सांगितलं."

"आणि मी सहा वेळा विचारलं, हा नियम भिंती जगवायला आहे की माणसं मारायला?"

त्यांनी नकाशा पुन्हा गुंडाळला. निवृत्त होईपर्यंत ते पाणीपुरवठा खात्यात आरेखक होते. सहकारी पाठीमागे त्यांना 'गुण्या' म्हणत. गवंड्याच्या हातातल्या त्या लोखंडी काटकोनासारखाच त्यांचा स्वभाव होता. नकाशातले घर त्यांनी स्वतः शाईने काढले होते. जागा सहा मीटर रुंद, रस्त्यापासून मागे साडेसात मीटर खोल. तळमजल्यावर झोपायची खोली, तिला लागूनच न्हाणीघर, मध्ये उंबरठा नाही.

सध्याच्या घरात स्वयंपाकघर खाली होते, न्हाणीघर वर, आणि मध्ये सतरा पायऱ्या. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले. दोनदा ती जिन्यावरून पडली होती. आता ती बसून, एकेक पायरी सरकत उतरत असे.

बाईने आवाज खाली आणला. "आतल्या दुरुस्तीचा अर्ज भरा ना. समिती बाहेरचं बघते, आतलं नाही. जिन्याखाली न्हाणीघर काढा, पंधरा दिवसांत मंजुरी आणून देते. यादीत आहात म्हणजे छत्रीखाली आहात असं समजा."

"गळक्या छत्रीखाली," ते म्हणाले. "आणि ठिगळं लावायची मला सवय नाही."

ते घरी आले तेव्हा बायको नवव्या पायरीवर दम घेत बसली होती.

"काय म्हणाले?"

"भिंत."

"त्या भिंतीशीच लग्न लावायचं होतं तुमचं. दोघं तासन् तास ताठ उभे राहिला असतात."

"नवीन घर होणार. मी सांगतो ना."

"अहो, मला घर नकोय. न्हाणीघर हवंय."

ते रागाने तडक बाहेर गेले आणि भिंतीकडे पाहत उभे राहिले. खिडकीखाली ओलीने गिलावा फुगला होता. त्यांनी बोटाने तो उकरला, मग छिन्नीने. आतली वीट उघडी पडली. सवयीने त्यांनी खिशातली पट्टी लावली. एकोणीस सेंटीमीटर, नऊ, नऊ. शेजारची वीट तेवढीच. तिच्या खालचीही तेवढीच.

शंभर वर्षांपूर्वीची वीट हाताने पाडलेली असते, इंचांच्या मापाची, आणि दोन विटा कधी जुळ्या नसतात. ही यंत्रातून निघालेली मेट्रिक वीट होती.

त्यांनी सहा ठिकाणी गिलावा काढला, चोवीस विटा मोजल्या, प्रत्येकीचे पट्टीसह छायाचित्र घेतले आणि एकतीस पानांचा अहवाल समितीपुढे ठेवला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे ही भिंत फार तर चाळीस वर्षांची?"

"मागच्या मालकाच्या वेळी आग लागली होती. त्यानंतर बांधलेली असावी. जुन्याची नक्कल."

"बारा वर्षं आम्ही नकलेला जपत होतो?"

"मी बारा वर्षं तिच्या मागे राहत होतो," ते म्हणाले.

नवव्या दिवशी घर यादीतून वगळल्याचा आदेश निघाला. सोबत पाडकामाची परवानगी. बाईने कागद खिडकीतून सरकवला, पण एक कोपरा हातात धरूनच ठेवला.

"जिंकलात काका. पण घाई करू नका. आधी बांधकाम खात्यात नकाशा दाखवा, मग घराला हात लावा."

त्यांनी नकाशाबरोबर जोडायच्या कागदांची छापील यादी काढली आणि बोट ठेवले. "बाब सात. जुने बांधकाम पूर्ण उतरवल्याचे छायाचित्र. ते नसेल तर नकाशा घेतच नाहीत. नियमाने चालणाऱ्याला घाई म्हणत नाहीत, बाई."

तिने कोपरा सोडला.

पाडकाम अकरा दिवस चालले. दर्शनी भिंत त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली. ती पस्तीस मिनिटांत आडवी झाली. त्यांनी वेळ वहीत टिपली. बायको रस्त्यापलीकडे खुर्चीवर बसून बघत होती.

"आज हसलात," ती म्हणाली. "काटकोनात का होईना."

तोवर दोघे भाड्याच्या एका तळमजल्यावरच्या खोलीत राहायला गेले होते. न्हाणीघर सहा पावलांवर. ती कोणाला हाक न मारता उठे, भिंतीला हात लावत जाई आणि परत येई.

"इथे किती दिवस?" तिने विचारले.

"आठ महिने. मग आपल्या घरात."

मोकळ्या जागेचे छायाचित्र जोडून त्यांनी नकाशा दाखल केला. कागद एकूण बावीस, सगळे क्रमाने. खात्यातल्या माणसाने प्रथमच एकही त्रुटी काढली नाही.

गुरुवार, १० जुलै. दुपारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी उत्तर आले. एकच पान.

"मोठ्याने वाचा," बायको म्हणाली.

त्यांनी चष्मा लावला आणि एकसुरी आवाजात वाचू लागले.

"'सदर मिळकत वारसा यादीतून वगळण्यात आल्याने, यादीतील घरांना असलेली जुन्या बांधकाम रेषेवर, रस्त्यालगत बांधण्याची सवलत यापुढे लागू राहणार नाही. नव्या बांधकामास रस्त्याच्या बाजूने सोडावयाचे अंतर साडेचार मीटर. मागील बाजूने सोडावयाचे अंतर तीन मीटर.'"

ते थांबले. पेन्सिल काढून समासात त्यांनी दोन्ही अंतरांची बेरीज केली. साडेसात. मग पुन्हा एकदा केली.

"पुढे?" बायकोने विचारले.

पुढे एकच ओळ होती. तिच्यावर त्यांना बोट ठेवावे लागले.

"'बांधकामास अनुज्ञेय क्षेत्र: शून्य चौरस मीटर.'"