बर्फातला ढब्बू

मे महिन्यातली हैदराबादची दुपार. टीव्हीवर कराटेच्या जपानी कार्टून मालिकेचा नवा भाग लागला. त्यातल्या ढब्बू चेल्याला तेलुगूत संदेशचा आवाज असायचा. या भागाचं डबिंग अर्धं झालं आणि संदेश वारला.

"आत्या, दुसरं काही लावू का?" रेणूनं सासूला, जयवंताबाईंना, विचारलं.

"नक्को गं. ऐकू दे माझ्या लेकाला."

बर्फाच्या डोंगरावर ढब्बू घसरला, गडगडत गोळा झाला आणि गुरुजींनाच घेऊन खाली आला. वर त्यांच्यावरच ओरडला.

जयवंताबाईंचा चेहरा उतरला. "हा संदेश नाही. कोण परका बोलतोय?"

बोलणं खरंच दुसऱ्याकडून भरून घेतलं होतं. पण संदेशची रीत वेगळी होती. हसणं, धापा, शिंका असे बिनशब्दांचे आवाज तो आधी रेकॉर्ड करून ठेवायचा. बोलणं सगळ्यात शेवटी. हे घरात फक्त रेणूलाच ठाऊक होतं.

ढब्बू गोठलेल्या तळ्यात बुडाला, वर आला आणि नुसता कुडकुडू लागला. हुऽहुऽहुऽ...

जयवंताबाई ताडकन उठल्या.

"कूलर बंद कर गं रेणू! गारठलंय माझं लेकरू."