शेवटची पट्टी

त्या दुपारी बाबा आमच्या पियानोची एकेक पट्टी दाबत होते आणि मी सूर रेकॉर्ड करत होते. सूर विरेपर्यंत दोघांनी श्वास रोखायचा, हा माझा नियम.

"बरा आला का गं?" ते दर वेळी विचारायचे.

"पुढची पट्टी."

"छान म्हटलंस तर जीभ झिजेल का?"

शेवटच्या पट्टीची तार तुटलेली होती. "उद्या नवी घालतो," म्हणाले. त्या रात्री झोपेतच गेले.

आज ते सूर कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डच्या एकेका पट्टीवर बसवून वाजवले. जरा बोथट वाटले, म्हणून वरचा, तीव्र भाग वाढवला. आवाज उजळला आणि त्याबरोबर बारीकसारीक सगळं वर आलं: बाबांच्या खुर्चीची करकर, सुराआधी घेतलेला श्वास, सूर विरल्यावर सोडलेला. घर भरल्यासारखं वाटलं. मी मजेत एकेक पट्टी वाजवत गेले.

ओघात बोट शेवटच्या पट्टीवर पडलं. तिथे काहीच रेकॉर्ड केलेलं नव्हतं.

आधी श्वास ऐकू आला. मग सूर, लख्ख. तो विरला, पण श्वास काही सुटेना.

खुर्ची करकरली. या वेळी स्पीकरमधून नाही, माझ्या शेजारी.

"छान आला, बाबा," मी म्हणाले. "सगळेच छान आले होते."