दुर्बळ भगिनी

"आपापला एकेक दोष मोकळेपणानं सांगा," चर्चच्या महिला प्रार्थनासभेत पाळकबाई म्हणाल्या. कुणी फार भोळ्या निघाल्या, कुणी फार हळव्या. एस्तेरबाई मात्र म्हणाल्या, "सासूबाई वारल्या तेव्हा मी रडले खरी, पण सुटल्यासारखं वाटलं." बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

त्या आठवड्यात एस्तेरबाईंच्या मागच्या दारी एकेक जण येऊन मन मोकळं करून गेली. कुणाला जावेचं सुख बघवत नव्हतं, कुणी बहिणीशी अबोला धरला होता. शेवटी पाळकबाईच आल्या. "हल्ली प्रार्थनेत माझं मनच लागत नाही हो. कुणाला सांगू नका."

पुढच्या सभेत पाळकबाईंनी डोळे मिटले. "प्रभू, आमच्या दुर्बळ भगिनी एस्तेरबाईंना क्षमा कर."

सगळ्यांनी दणक्यात 'आमेन' म्हटलं. एस्तेरबाईंना हसू आवरेना. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि बायकांना वाटलं, पश्चात्तापानं रडताहेत.