कोरा नमुना

कोऱ्या नमुन्याच्या आलेखातही विषाचं तेच शिखर उमटलं आणि सुनीतीने कपाळाला हात लावला.

“सर, भांडी परत खराब निघाली.”

गोरे सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. दिल्लीतल्या त्या सरकारी प्रयोगशाळेत अनोळखी रसायनं ओळखण्यात त्यांची हयात गेली होती. “चलो, परत धुऊ,” ते म्हणाले.

तपासायचं रक्त सुनीतीच्या थोरल्या बहिणीचं होतं. सरला पानिपतहून नवऱ्याशी भांडून नोएडाला सुनीतीकडे आली, तिथेच अंथरुणाला खिळली आणि गेली. डॉक्टर म्हणाले, किडनी. सुनीतीला ते पटेना. सरलाचा नवरा सूर्यकांत सूत रंगवायचा धंदा करायचा, घरात रसायनांची पिंपं. शिवाय दोघी बहिणींच्या नावावरच्या करोल बागेतल्या घरावर त्याचा डोळा. सुनीतीच्या लेखी निकाल तिथेच लागला होता. तीन वर्षं सुनीतीने स्वतः त्याचा उंबरा ओलांडला नव्हता.

दहन उरकलं होतं. हाताशी होती फक्त दवाखान्यात राहिलेली रक्ताची एक नळी.

मशिनने त्या रक्तातला अनोळखी रेणू फोडला. मोडलेल्या बांगडीचे तुकडे जुळवावेत तसे दोघांनी तुकडे जुळवले. उंच शिखराशेजारी त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं ठेंगणं शिखर, म्हणजे क्लोरीन. मग अणूंचं एक कडं, मग नायट्रोजन. आकृती पुरी झाली. असलं काही शरीर स्वतः बनवत नाही. ते पोटात घालावं लागतं.

अडलं होतं कोऱ्या नमुन्यापाशी. दर तपासणीत एका निरोगी माणसाचं ताजं रक्तही त्याच भांड्यांतून, त्याच मशिनमधून घालायचं, हा नियम. स्टाफपैकीच कुणीतरी बाही वर करायचं. त्यातही विष दिसलं म्हणजे भांडी खराब आणि अहवालाची रद्दी. मग सूर्यकांत मोकाट सुटणार.

काचा आम्लात भिजवून झाल्या. द्रावक नवं आणलं. शिखर हटेना. उलट रोज ते जरा उंच होत होतं, जणू काचेतच काहीतरी वाढत होतं. सुनीतीला आता त्या भांड्यांची भीती वाटू लागली होती.

“आधी डबा खा,” सर म्हणाले. “चेहरा बघ केवढासा झालाय.”

“रडून रडून, सर. श्यामकांतने सुट्टी घेतलीय म्हणून घर चाललंय. ताईचं पथ्यपाणीसुद्धा त्यानेच केलं. इतकं तर सख्खा भाऊही करत नाही.”

नवऱ्याने, श्यामकांतने, दिलेला डबा तिने उघडला. दोन घास खाल्ले आणि बाजूला ठेवला.

“यावेळी रक्त माझं घे,” सर म्हणाले.

तिने घेतलं. मशिन घुमलं. कोऱ्या नमुन्याची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट आली. सरलाच्या रक्तात मात्र शिखर तसंच उभं होतं.

“सुटलो!” सुनीतीने टाळी वाजवली. “अहवाल पक्का झाला, सर! आजच पोलिसांकडे जाते. सूर्यकांत आता बिल्कुल सुटत नाही.”

सर हसले नाहीत. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले.

“सुनीती, भांडी मी आज धुतलीच नव्हती. कालचीच वापरली.” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “इतके दिवस कोरं रक्त कुणाचं घालत होतीस?”

“माझंच.”