रुंद टायर
अमृतनं रुबाबासाठी मोटारसायकलला मागं रुंद टायर आणि पुढं आखूड हँडल बसवलं. दुसऱ्या दिवशी एक वर्षाच्या लेकीला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं. त्याची बायको पल्लवी मात्र गाडीवर बसेना. "आवं, काल वळणावर गाडी वाकलीच न्हाई. पार पलीकडच्या बाजूला गेलो आपण." "सवय हुईल गं." "तुमाला हुईल. तवर हिला न्हाई बसवायची." ती लेकीला घेऊन एसटीत चढली. अमृत रागानं गाडीवरून पुढं गेला. कुंडल गावाबाहेरच्या वळणावर एसटी थांबली. मोटारसायकल उसात घुसली होती आणि अमृत चिखलानं माखून कडेला उभा होता. तो आत येऊन तिच्याशेजारी बसला. "हँडल लय ओढलं, गाडी वळलीच न्हाई," एवढंच म्हणाला. लेकीनं त्याच्याकडं झेप घेतली. त्यानं हात पुढं केले, पण लगेच मागं घेतले. "तूच धर," तो पल्लवीला म्हणाला.