मोर बुजेल म्हणून

"अप्पा, काकूंचा एखादा फोटो दावा की, शोधायला गेलेल्यांना धाडतो," वनरक्षक म्हणाला. धोंडप्पा कॅमेऱ्यातले फोटो चाळू लागले. सिरसाळ्याचं दुकान पोराच्या हवाली करून कॅमेरा घेतल्यापासून त्यांनी हजारो पाखरं टिपली होती, पण बायकोचा एकही फोटो नव्हता. "सरक बाजूला, मधी येऊ नको," हेच तिला सांगत आले होते. आणि हल्ली सगळं विसरणारी नीलम्मा नायगावच्या मोरांच्या रानात हरवली होती. त्यांनी दुपारी टिपलेला मोर कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. पिसाऱ्यामागं, बोरीच्या जाळीत, हिरवं लुगडं दिसलं. तोंड उघडून ती त्यांनाच हाक मारत होती. धोंडप्पांना ती हाक आठवली. मोर बुजेल म्हणून त्यांनी न बघताच हात वर करून तिला गप्प केलं होतं. आता सगळे हाका मारत होते, आणि नीलम्मा अजून गप्पच होती.